दोन नवरींचा बस्ता

"यातली नवरदेव कोण?"

कापडवाला विचारतो, शेजारीण विचारते, फोटोग्राफर तर ॲडव्हान्स हातात घेण्याआधी विचारतो. शिलाई मशीनवर अर्धं आयुष्य गेलेली बाई म्हणून सांगते, या प्रश्नाच्या उत्तरावर कात्री चालवली तर कपडा बिघडणारच. दोन पोरींचं लग्न आहे म्हणजे दोन नवऱ्या आहेत. नवरदेव नाहीच. त्याची रिकामी जागा भरायला एकीला कोट चढवायचा आणि दुसरीला शालूत गुंडाळायचं, हे मला पटत नाही. आणि 'दोघी बायकाच ना, मग घ्या दोन शालू' हेही पटत नाही. जिला जे अंगावर हवंय ते तिला विचारा, एवढं साधं आहे. पण साधं म्हणून कोणी करत नाही.

हे आज लिहायचं कारण, माझ्या बहिणीची मुलगी यंदा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न करतेय. पुण्यात नोकरीला असते. जिच्याशी करतेय ती कोल्हापूरकडची. त्यावरून घरात जे काही झालं ते घरातच राहू द्या. आता ताई तयार आहे, आणि एकदा तयार झालेली आई बस्त्याला निघाली की तिच्या आडवं कोणी जाऊ नये.

काही जण लगेच कायदा घेऊन येतील म्हणून आधीच सांगते. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमातून या पोरींना मोकळं केलं. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टाने लग्नाला कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला, ते काम संसदेचं म्हणून सांगितलं. म्हणजे आज अशा लग्नाची नोंदणी होत नाही, दाखला मिळत नाही. पण चार माणसं बोलवायला, हार घालायला, पंगत बसवायला कोणाची बंदी नाही. आणि ज्यांना हे पुण्या-मुंबईचं आजकालचं फॅड वाटतं त्यांच्यासाठी: 1987 साली आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, भोपाळला, दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं होतं. त्यापायी दोघींची नोकरी गेली. तेव्हा मोबाइल नव्हता आणि इन्स्टाग्रामही नव्हतं.

दाखला नाही म्हटल्यावर त्या दिवसाचं राहतं काय? फोटो. आणि फोटोत चेहऱ्यानंतर दिसतात ते कपडे. म्हणून 'कपड्यांचं काय एवढं, काहीही घाला' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. यांच्या बाबतीत तरी कपड्यांचंच आहे.

तर दोघी माझ्याकडे आल्या. दोघींमधली एक बुलेट चालवते, केस मानेपर्यंत कापलेले, कानात साधा खडा. दुसरी, आमची भाची, कमरेखाली वेणी, लहानपणापासून भरतनाट्यम. दारात उभी असलेली माझी शिकाऊ पोरगी पहिलीकडे बघून पुटपुटली, "हिचा सूट ना?" तर नाही. बुलेटवालीला येवल्याची पैठणी हवी, जांभळ्या रंगात, आणि नाकात नथ. सूट वेणीवालीला हवा होता. "मावशी, मना सूट तूच शिवजो," म्हणाली. एरवी माझ्याशी शुद्ध पुणेरी बोलणारी पोर काम काढायचं असलं की बरोबर अहिराणीवर येते.

पैठणीचं फार काही सांगायला नको. हातमागाची असेल तर पदर उलटा करून बघा, मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ निघते. आणि हातमागाची पैठणी कापून शिवलेली नऊवारी करून द्या असं कोणी म्हटलं तर मी तरी करून देत नाही. नेसायला शिका.

खरी गंमत सुटाची आहे, कारण बाईचा सूट शिवणारा माणूस आपल्याकडे सापडत नाही. जळगावच्या एका मोठ्या जेंट्स शोरूममध्ये आधी हिने जाऊन बघितलं होतं. तिथल्या माणसाने मापाची टेप गळ्यातून काढलीच नाही. "लेडीजचं आम्ही घेत नाही, रेडिमेडमधला 36 घालून बघा." खांदे बसले. छातीवर बटण ओढलं गेलं, कोटाची पुढची कड वर चढली, कॉलरची पट्टी दोन्हीकडून फुगून उघडी पडली, आणि खाली कंबरेत कोट अडकला. कारण सरळ आहे. पुरुषाचा कोट छातीपासून खाली जवळजवळ सरळ कापलेला असतो. बाईच्या अंगाला छातीवर कापड जास्त लागतं, कंबरेत कमी, पुन्हा खाली जास्त. ते टक्सने, म्हणजे आतून शिवलेल्या चिमट्यांनी, किंवा मुंढ्यातून निघणाऱ्या प्रिन्सेस कटच्या शिवणीने काढावं लागतं. तयार जेंट्स कोट कितीही उसवा, त्यात नसलेलं कापड कुठून आणणार?

जेंट्स टेलरला छातीचं माप घ्यायची लाज, लेडीज टेलरला कॅनव्हास (कोटाच्या आतलं ताठ कापड) आणि कॉलर येत नाही. मध्ये पोरगी लटकते. मी कॉलरचं काम शिकले ते आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरकडून. त्यांच्या हातचा कोट आधी कच्च्या टाक्यावर उभा राहायचा, अंगावर घालून बघितल्याशिवाय ते मशीनला हातही लावू द्यायचे नाहीत. बाईच्या सुटाला तर ही कच्ची ट्रायल हवीच. जो मास्तर एका मापात सूट देतो म्हणेल त्याला नमस्कार करून निघा.

माप द्यायला जाताना त्या दिवशी आतून जे घालणार तेच घालून जा, आणि चप्पल-बूटही तेच. मापं घेणारीनेही एक गोष्ट तोंड उघडून विचारावी: छाती उठून दिसायला हवी, की सपाट? काही मुलींना सपाटच हवी असते, तो त्यांचा प्रश्न. न विचारता आपल्या अंदाजाने टक्स घातले तर मुलगी आरशासमोर गप्प होते, आणि टेलरला वाटतं आवडलं. बटणं कुठल्या बाजूला तेही आधीच ठरवा. पुरुषाच्या कोटात डावी बाजू वर येते, बायकांच्यात उजवी. काज एकदा पडलं की बाजू बदलता येत नाही.

कापड. आपल्या बाजारात सुटाचं म्हणून जे ताग्यावर तागे दाखवतात ते बहुतेक टीआर, म्हणजे पॉलिस्टर आणि रेयॉन. चमक छान, सुरकुती नाही, भाव बरा. सुरतेच्या रिंग रोडवर तर डोळे फिरतील इतकं आहे, आणि अमळनेरहून गाडी सरळ जाते म्हणून सगळं खान्देश तिकडे पळतं. पण लग्न मे महिन्यात आहे. आपल्याकडे पारा 44 च्या पुढे जातो तेव्हा पूर्ण अस्तराचा टीआरचा कोट घालून मांडवात बसणं ही शिक्षा आहे. शिवाय होमाची ठिणगी उडाली तर पॉलिस्टर वितळून चिकटतं. पातळ लोकर घ्या, तिचं नाव ऐकून घाबरू नका, ती उन्हाळ्यासाठीच विणतात. नाहीतर कॉटन-लिनन. लिनन चुरगळणार, चुरगळू दे. अस्तर फक्त खांद्यांना आणि बाह्यांना. 58 इंची पन्ह्यात सव्वातीन मीटर पुरतं.

रंगावरून आईची आणि भाचीची जुंपली. पोरीला काळा हवा होता. आईने, म्हणजे आमच्या ऐंशीच्या पुढच्या म्हातारीने, एकच वाक्य टाकलं: "लगीनमा काळं नको व माय." मुलीचं लग्न मुलीशी चालतंय, पण काळं नको! मंगळसूत्रातले मणी कोणत्या रंगाचे, असं मी विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला उठले. तरी शेवटी मी आईच्या बाजूने गेले, वेगळ्या कारणाने. भर उन्हातल्या फोटोत काळा कोट नुसता काळा ठोकळा दिसतो, शिवण दिसत नाही, कट दिसत नाही. एवढी मेहनत मी कशासाठी करायची?

आता जे कुठल्याच परदेशी फोटोत सापडणार नाही ते सांगते. हिला सुटावर हिरवा चुडा हवा. कोटाच्या बाहीची मोहरी, म्हणजे मनगटाकडचा घेर, साधारण दहा इंच असते, त्यातून चुडा भरलेला हात जात नाही. गेला तर काचा फुटतात. मी मोहरी मोठी घेतली, आतल्या शर्टाला कफच दिला नाही, आणि बाही मनगटाच्या वर थांबवली. चुडा बाहेर, कोट वर, दोघांचं भांडण नाही. दुसरं, हळद. आदल्या दिवशी लावलेली हळद कितीही घासा, मानेवर राहतेच, आणि पांढऱ्याशुभ्र शर्टाची कॉलर मुहूर्तापर्यंत पिवळी होते. म्हणून शर्ट मोतिया रंगाचा, आणि कॉलरच्या आतली पट्टी सरळ हळदी रंगाची. तिसरं, गाठ. शालूचा पदर उपरण्याला बांधतात, सुटाला कुठे बांधणार? खांद्यावर शेला घ्यावा तर गुळगुळीत कापडावरून तो घसरतो. कॉलरखाली एक लपवलेलं लूप दिलं, त्यातून शेला ओवायचा. आणि पँट? पाटावर मांडी घालून बसायचंय हे विसरू नका. आसन आणि मांडीला सैल ठेवा, ट्रायलच्या वेळी जमिनीवर बसून, उठून, पुन्हा बसून बघा. कंबरेत आत माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडायला सांगा. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांवर तुपाची धार पडल्यावर त्या मायेची किंमत कळते.

मॅचिंगबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दोघींना एकाच रंगात नखशिखान्त बुडवलं की बँड पथक दिसतं. आम्ही एवढंच केलं, की जांभळ्या पैठणीचा ब्लाऊजपीस मोठा निघाला, त्यातून ब्लाऊज काढून उरलेल्या कापडाची बारीक गोट सुटाच्या कॉलरला मारली. लांबून दिसत नाही. शेजारी उभ्या राहिल्या की दिसतं.

सुटाचा रंग शेवटी कोणी ठरवला तेही सांगते. आपल्याकडे नवरीचा शालू तिकडचे घेतात आणि नवरदेवाचे कपडे इकडचे. इथे काय करायचं? मी ताईला म्हटलं, सरळ आहे, तू त्यांच्या पोरीची पैठणी घे, ते आपल्या पोरीचा सूट घेतील. 'ते' येणार नव्हते, त्या मुलीच्या आईवडिलांचं बोलणं अजून बंदच आहे. पण तिचा मोठा भाऊ रात्रभर प्रवास करून आला. दुकानात तो एका कोपऱ्यात अवघडून बसला होता, चहा नको म्हणाला. तागे उलगडायला लागले तसा पुढे सरकला. बॉटल ग्रीनवर हात ठेवला, कापड मुठीत चुरगळून सोडलं, पुन्हा चुरगळलं. "हा घ्या. चुड्यासंगं शोभंल," म्हणाला, आणि पैसे कोणाला देऊ दिले नाहीत. बाहेर येऊन मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, आमच्याकडनं एवढंच असतंय ना, का अजून काय राहिलं?" मी म्हटलं, मुंडावळ्या राहिल्या. दोन जोड घेऊन आला.

पँट घातलेली नवरी बघून नाकं मुरडतील अशा आमच्या नात्यात पुष्कळ आहेत. त्यांना मी आत्ताच विचारून ठेवते. तुमच्या पणजीने जन्मभर काष्टा घातला, दोन पायांत विभागलेलं वस्त्र नेसून ती मळ्यात राबली, विहिरीत उतरली. आजही कापूस वेचायला निघालेली बाई साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट चढवते आणि डोक्याला रुमाल बांधते. तिला कोणी विचारतं का, तू बाई की पुरुष? कामाला चालतं ते मांडवात का चालत नाही? (याच्यावर कमेंटमध्ये 'संस्कृती' लिहिणार असाल तर आधी काष्टा नेसून दाखवा.)

आणि तुमच्या घरात अशी पोर असेल, तर मनातून पूर्ण पटलं नसलं तरी बस्त्याला जा. ऑनलाइन कपडे मागवून तिला एकटीला खोलीत कपडा घालून बघायला लावू नका. सगळ्या बहिणींच्या वेळी गाडी भरून गेलात, गादीवर बसून भाव केलात, तिच्याच वेळी काम निघालं?

सीझनचं सांगते. होळीनंतर माझ्याकडे ब्लाऊजचा डोंगर असतो, तेव्हा सुटाची मापं घेत नाही. ज्यांना हवंय त्यांनी त्याच्या आधी या. कापड स्वतःचं आणा किंवा सोबत घेऊ, कॉटन-लिनन असेल तर आधी एकदा धुऊन घ्यायचं असतं. दोघी मिळून आलात तरी मापं एकेकीची वेगळी घेईन, पडदा ओढून, दुसरीने बाहेर बसायचं. काय घालायचं हे एकमेकींपासून लपवायचं असेल तर तेही चालेल, माझं तोंड बंद असतं. या पोस्टवर विश्वास बसणार नाही, पण असतं.