चोर म्हणायचं की मिलिमीटर सांगायचे?

काल सोलापूरच्या सात रस्त्याच्या कट्ट्यावर नेहमीचा पाण्याचा विषय निघालाच नाही. सिद्ध्यानं खिशातनं घडी घातलेला कागद काढला. ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस. पंधरा दिवसांत माफी माग, नाहीतर पाच लाखांचा दावा, वर फौजदारी.

सिद्ध्यानं माहिती अधिकारात आमच्या गल्लीच्या रस्त्याची एमबी, म्हणजे झालेल्या कामाची मोजमाप वही, काढलेली. तीत डांबराचा थर 50 मिमी, जागेवर भरला 30. मग यानं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ‘ठेकेदार चोर हाय.’

“खरं बोलल्यावर बदनामी कशी होते बे?”

“फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही,” आमच्यातले वकीलसाहेब म्हणाले. “न्याय संहितेचं कलम 356, म्हणजे जुनं 499-500. खरं पायजे आणि लोकहिताचंही पायजे. दिवाणीत खरं ठरलं की सुटलास.”

“रस्ता लोकहिताचा नाही तर काय त्याच्या बापाचा?” मास्तर तापले.

“ते कोर्टात सिद्ध करायचं, मास्तर. तोवर तारखा.”

गंमत बघा, महापालिकेनं दावा लावला असता तर तो टिकलाच नसता. सरकारला नि स्थानिक संस्थेला बदनामीची भरपाई मागता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1994 लाच राजगोपाल खटल्यात सांगितलंय. पण ठेकेदार पडला खाजगी माणूस.

“ते जागल्यांना, म्हणजे भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा झालता की?”

“झाला, 2014 ला. राष्ट्रपतींची सहीपण झाली. लागू मात्र केलाच नाही.” वकीलसाहेबांनी चहा संपवला. “तू आयुक्तांना लेखी तक्रार दिली असतीस तर 356 चाच आठवा अपवाद होता. अधिकार असलेल्याकडं सद्भावनेनं केलेली तक्रार बदनामी धरत नाहीत. ग्रुपवर कोण आयुक्त बसलाय?”

मास्तरांनी लगेच बाजू बदलली. “चोर हा शब्द नडला. नुसतं 50 आणि 30 लिहायचं होतं.”

“लिहिलतं की! आधी तेच लिहिलतं. दोन अंगठे आले. चोर म्हटल्यावर दीडशे लोकांनी वाचलं.”

इथं मला सिद्ध्याचंच पटलं. मिलिमीटर कोण वाचतंय? पण कोर्टात त्याच्या बाजूनं उभे राहणार ते मिलिमीटरच, दीडशे जण नव्हे. त्यातले दोघं तर कालच ग्रुप सोडून गेलेत.

“बरं, उत्तर देऊ,” वकीलसाहेबांनी पेन काढलं. “सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, पुरेशी काळजी घेतलेली दाखवावी लागते. किती ठिकाणी मोजलास? फोटो? सोबत कोण होतं?”

“एका ठिकाणी. कडेला, जिथं उखडलंय तिथं. एकटाच होतो.”

“कशानं मोजलास?”

सिद्ध्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे. त्यानं गळ्यातला शिलाईचा टेप काढून कट्ट्यावर ठेवला. पहिला इंच झिजून पांढरा पडलेला.

वकीलसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि चहावाल्याला अजून एक कटिंग सांगितला.