कोल्हापूरच्या सामाईक कामांना पुरस्कार कोण देणार?

शाश्वत विकासाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या शासकीय पुरस्कारांची रचना मला एका बाबतीत नेहमीच अपुरी वाटते, आणि कोल्हापूरसारख्या शहरात ही उणीव फार ठळकपणे जाणवते. 2000-01 मध्ये सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान असो की 2020 पासूनचे माझी वसुंधरा अभियान असो, गौरव होतो तो एका ग्रामपंचायतीचा, एका नगरपालिकेचा किंवा एका महापालिकेचा. या अभियानांचे काम मी कमी लेखत नाही. स्वच्छतेचा विषय ग्रामसभेत चर्चेला आला तो बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच. परंतु नदी, बस आणि रेल्वे गावाची शीव पाहून थांबत नाहीत, आणि दोन-चार संस्थांनी मिळून चालवलेले काम अशा स्पर्धेत नेमके कोणाच्या खात्यावर मांडायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

केएमटीचे, म्हणजे महापालिकेच्या बससेवेचेच पाहा. कोल्हापूरची महापालिका 1972 मध्ये झाली आणि तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. वस्ती मात्र उचगाव, गांधीनगर, पाचगाव, कळंबा, शिरोली अशा सगळ्या दिशांनी पसरली. हद्दवाढीऐवजी 2017 मध्ये 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आले. या गावांत केएमटीची बस जाते, तिचा तोटा महापालिकेच्या अंदाजपत्रकावर पडतो, आणि हद्दवाढीचा वाद पेटला की विरोध करणाऱ्या गावांची बस बंद करा, अशी मागणी शहरातून हमखास पुढे येते. शहरवासीयांचा राग मला समजतो, कारण कर ते भरतात. गावांची भीतीही समजते, कारण शेतजमिनी आणि घरफाळा यांचा प्रश्न त्यांच्यासाठी खरा आहे. पण त्या बसमध्ये बसलेली कॉलेजची मुलगी आणि भाजीची पाटी घेऊन मंडईला निघालेली बाई या वादात कोणाच्याच बाजूने नसतात. त्यांची बस बंद झाली, तर ज्याला परवडते तो हप्त्यावर दुचाकी घेतो, आणि तावडे हॉटेलपासून ताराराणी चौकापर्यंतच्या गर्दीत आणखी भर पडते. तोटा सोसून चालू राहिलेला असा एखादा ग्रामीण मार्ग हा माझ्या मते या जिल्ह्यातील सर्वांत मोलाचा पर्यावरण प्रकल्प आहे, आणि त्यासाठी आजवर कोणी शाल-श्रीफळ दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बाकी आपल्याकडे सत्कारांना आणि फेट्यांना काही तोटा नाही!

विभागाचा एकत्रित विचार करणे कोल्हापूरला नवीनही नाही. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली. त्यानंतर राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ आणि 1917 मध्ये याच लोहमार्गावर जयसिंगपूर वसवले. बाजार, वस्ती आणि वाहतूक यांची सांगड घालण्याचा उपदेश आज परिसंवादांतून होतो. आपल्याकडे ते काम शंभर वर्षांपूर्वी जमिनीवर उतरले होते.

बाहेरची दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. दक्षिण कॅलिफोर्नियात सहा काउंटी आणि 191 शहरे यांची मिळून एक प्रादेशिक नियोजन संस्था आहे, आणि वाहतूक, घरे व जमिनीचा वापर यांचा मेळ घालणाऱ्या आपल्या क्षेत्रातील प्रकल्पांना ती शाश्वततेचे पुरस्कार देते. दुसरे उदाहरण जवळचे, आणि इशारा देणारे आहे. पुण्याला 2020 चा शाश्वत वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर काही वर्षांतच नगर रस्त्यावरील बीआरटी मार्गाचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, भाग उखडण्यात आला. पुणेकरांना तो पुरस्कार आज आठवतो का, हे त्यांनाच विचारलेले बरे.

म्हणूनच उद्घाटनाच्या वर्षी पुरस्कार देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून कोल्हापूरला 100 ई-बस मंजूर झाल्या, याचे स्वागतच आहे. पण गौरव करायचा तर त्या रस्त्यावर आल्यानंतर तीन वर्षांनी करावा, आणि तेव्हा किती बस प्रत्यक्ष धावतात, शेवटची फेरी रात्री किती वाजता सुटते आणि ती हद्दीबाहेरच्या गावापर्यंत जाते का, हे तपासावे. रस्ते आणि पुलांना तर आणखी एक कसोटी लावली पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद राहिला. जो भराव पुराचे पाणी अडवतो, त्यावरचा रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी त्याला शाश्वत म्हणता येणार नाही. येथे भरावाऐवजी कमानी किंवा खांब असावेत, ही मागणी पूरग्रस्त भागातून वारंवार होत आली आहे.

तेव्हा जिल्हा नियोजन समितीने किंवा प्राधिकरणाने असा एक पुरस्कार सुरू करावा, ज्यासाठी किमान दोन स्थानिक संस्थांनी एकत्र अर्ज करणे बंधनकारक असेल. जोतिबाच्या चैत्र यात्रेत एसटी आणि केएमटी मिळून करत असलेली भाविकांची ने-आण, किंवा पंचगंगेचे प्रदूषण टाळण्यासाठी गणेश विसर्जन इराणी खणीकडे, म्हणजे शहरातील पाणी साचलेल्या जुन्या खाणीकडे, वळवण्याची शहराने लावलेली सवय काठावरच्या गावांनीही उचलली, तर तो संयुक्त उपक्रम, अशी कामे त्यात यावीत. मानपत्रापेक्षा रक्कम महत्त्वाची, आणि ती केवळ देखभालीसाठीच खर्च करता यावी, कारण आपल्याकडे बांधायला निधी मिळतो, पण सांभाळायला मिळत नाही. वितरण 26 जूनला, शाहू जयंतीच्या दिवशी व्हावे. पहिल्या वर्षी माझी शिफारस केएमटी आणि तिच्या मार्गावरील ग्रामपंचायती यांच्या संयुक्त अर्जासाठी राहील. अट एवढीच की मिळालेल्या रकमेतून गावाकडच्या थांब्यांवर आधी छप्पर, दिवा आणि वेळापत्रकाचा फलक लावला जावा.