बुरशी लागलेली स्लाइड पाण्यात घालू नका

‘घरीच स्लाइड फिल्म डेव्हलप करा, पन्नास वर्षं टिकवा’ असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. मालवणहून पुतण्याने तो पाठवला आणि विचारलं, “काका, बाबांनी काढलेल्या दशावताराच्या स्लाइड्स आज धुऊन टाकू का?” नको रे बाबा, अजिबात नको.

फॉरवर्ड सांगतो की बुरशी आली तर स्लाइड कोमट साबणपाण्यात बुडवून कापसाने पुसा. यापेक्षा वाईट सल्ला शोधून सापडणार नाही. स्लाइड म्हणजे चौकटीत बसवलेला फिल्मचा पारदर्शक तुकडा. त्यातले रंग असतात जिलेटिनच्या थरात. बुरशी तेच जिलेटिन खाते आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळण्याजोगा होतो. मग पुसताना बुरशीबरोबर चित्रही कापसावर येतं. राजाच्या मुकुटाच्या जागी पारदर्शक चट्टा उरतो. तो भरून काढता येत नाही. बुरशी वरवरची असेल तर माउंट, म्हणजे ती चौकट, उघडून फिल्म बाहेर काढा, कापसाच्या बोळ्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कडेला करून बघा आणि मगच हलक्या हाताने फिरवा. ७० टक्क्यांचं चालणार नाही, कारण उरलेलं पाणीच असतं. बुरशीची जाळी थरात खोल गेली असेल तर हात न लावता स्कॅन करून ठेवा.

दुसरा सल्ला : स्टीलच्या डब्यात तांदूळ आणि डांबरगोळ्या घालून झाकण घट्ट लावा. जुलैत बंद केलेल्या डब्यात जुलैचीच दमट हवा कोंडली जाते. तांदूळ ती सुकवत नाही. डांबरगोळ्या कपड्यांच्या कसरीसाठी ठीक. फिल्मजवळ त्यांची वाफ नको. शिवाय बहुतेक स्लाइड फिल्मचा पाया अॅसिटेट नावाच्या प्लास्टिकचा. तो खराब होऊ लागला की त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं आणि कोंडलेल्या डब्यात तेच आम्ल खराबी आणखी वाढवतं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या स्लाइड्स बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा.

रंगीत फिल्म दीर्घकाळ ठेवण्यासाठी आयएसओ १८९११ हे मानक २ अंशांना २० ते ३० टक्के आर्द्रता सांगतं. आपल्याकडे पावसाळ्यात नव्वदच्या आसपास असते. बंद डब्याची कल्पना अर्धी खरी आहे, एवढं मान्य. पण हवा कोरडी असताना, ताज्या सिलिका जेलसह, दोन झिप पिशव्यांत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. काढल्यावर पिशवी रात्रभर बाहेर राहू द्या आणि मगच उघडा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. रोज लागणाऱ्या स्लाइड्सना कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट ४० टक्क्यांवर आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पानांचा अल्बम. पीव्हीसीची पानं नकोत.

आता फॉरवर्डमधलं डेव्हलपिंग. ‘कोकणात पाणी तीस अंशांचं असतंच, तापवू नका.’ स्लाइड फिल्म डेव्हलप करण्याच्या ई-६ प्रक्रियेत फर्स्ट डेव्हलपर (पहिलं द्रावण) ३८ अंशांवर लागतो आणि चूक चालते ती फक्त ०.३ अंशांची. थंड राहिला तर स्लाइड काळवंडते. नुसता वेळ वाढवूनही भागत नाही, कारण फिल्मचे तिन्ही थर सारख्या प्रमाणात मंदावत नाहीत आणि रंग एका बाजूला झुकतात. एप्रिलात बादलीतलं पाणी सावकाश निवतं, इतपत फायदा खरा. बाटल्या आणि टँक ३९ अंशांच्या पाण्यात आधीच ठेवा आणि थर्मामीटर द्रावणात घाला, बादलीत नव्हे.

‘सी-४१ची रसायनंही चालतात.’ ही रंगीत निगेटिव्हची रसायनं. चालतात, पण हाती स्लाइड येत नाही, विचित्र रंगांची निगेटिव्ह येते.

‘शेवटचं द्रावण म्हणजे साबण, वगळा.’ सहा द्रावणांच्या किटमध्ये यात थोडं तथ्य आहे, कारण तिथे किरमिजी रंग टिकवणारं रसायन प्री-ब्लीच या मधल्या द्रावणात असतं. तीन द्रावणांच्या किटमध्ये प्री-ब्लीच नसतो. ते काम शेवटचा स्टॅबिलायझर करतो. तो वगळला तर किरमिजी रंग आधी उडतो आणि स्लाइड हिरवट पडत जाते. हे द्रावण विहिरीच्या पाण्यात नको, डिस्टिल्ड पाण्यातच करा. फॉर्मल्डिहाइड असू शकतं म्हणून खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. ओली फिल्म दुधाळ दिसली तर घाबरू नका, वाळल्यावर बहुधा स्वच्छ होते. फक्त स्टॅबिलायझरनंतर ती पुन्हा नळाखाली धरू नका.