कॅल्क्युलेटर रात्री कुणाशी बोलतो?

चष्म्याशिवाय दिसावा म्हणून मी मोबाइलमध्ये मोठ्या आकड्यांचा एक कॅल्क्युलेटर घेतला होता. दुधाचा हिशेब करायचा, एवढंच त्याचं काम. परवा पुतण्याने फोन हातात घेतला आणि म्हणाला, "काका, हा नेटवर काय करतोय?"

कॅमेरा, माइक हवा असेल तर अ‍ॅपने विचारायचं, ही रीत अँड्रॉइडने २०१५ मध्ये आणली. नेटसाठी मात्र कुणी विचारत नाही. अ‍ॅप घरात आलं की थेट फ्रीजच उघडतं. प्ले स्टोअरवरच्या 'डेटा सेफ्टी' या रकान्यात कॅल्क्युलेटरने 'माहिती गोळा करत नाही' असं लिहिलं होतं. पण तो रकाना ज्याचा त्यानेच भरायचा असतो. स्थळाच्या पत्रिकेत 'स्वभाव शांत' लिहितात ना, तसा.

पुतण्याने फायरवॉल टाकून दिली, म्हणजे कुठल्या अ‍ॅपने नेटवर जायचं नि कुठल्याने नाही, हे ठरवणारं अ‍ॅप. रूट न केलेल्या, म्हणजे कंपनीची कुलपं न तोडलेल्या फोनवर ती व्हीपीएनचं, म्हणजे नेटवरची ये-जा आपल्या वाटेने नेणाऱ्या जोडणीचं सोंग घेऊन बसते, म्हणून फोनने आधी बजावलं, की हे अ‍ॅप तुमची नेटवरची सगळी ये-जा पाहू शकेल. मी 'ओके' दाबलं आणि वरच्या पट्टीत इवलीशी किल्ली उमटली. बायको म्हणाली, "चोर नको म्हणून गुरखा ठेवलात, नि किल्ल्या त्याच्याकडेच!"

सकाळी फायरवॉलची यादी पाहिली. रात्री २ वाजून ४० मिनिटांनी कॅल्क्युलेटर बाहेर पडायला बघत होता. त्या वेळी कसली बेरीज?

प्ले स्टोअरला फायरवॉल चालते, पण तिने दुसऱ्या अ‍ॅपच्या जाहिरातींच्या कमाईला हात लावायचा नाही. जाहिराती अडवणारी अ‍ॅप्स तिथून २०१३ मध्येच काढली गेली. नेटगार्डसारख्या फायरवॉलची जाहिराती अडवायची सोय असलेली आवृत्ती बाहेरून आणावी लागते, आणि ती घेताना फोन अनोळखी माणसापासून जपायला सांगतो! कॅल्क्युलेटर मात्र ओळखीचा.

संध्याकाळी औषधाच्या दुकानात पैसे द्यायला गेलो, तर बँकेचं अ‍ॅप अडून बसलं: आधी व्हीपीएन बंद करा. मागे रांग, दुकानदार पिशवी धरून उभा. केली फायरवॉल बंद. तेवढ्या दोन मिनिटांत कॅल्क्युलेटरने दिवसभराचं सगळं ओकून टाकलं असणार.

आता दूध भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहितो. दूधवाला महिन्याला एक लिटर जास्तच सांगतो. पण तो निदान दिवसाउजेडी, दारात उभा राहून सांगतो.