घरचं नेट गेलं की "बरं झालं" म्हणू नका

घरचं नेट बंद पडलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "बरं झालं, आता तरी घरातली माणसं एकमेकांशी बोलतील." मला हे मनापासून खटकतं. नेटवर ज्याची फक्त करमणूक चालते, त्याला असं म्हणणं सोपं आहे. घरात बसून चार पैसे मिळवणाऱ्या माझ्यासारख्या बायकांचं नेट गेलं की कामच बंद पडतं. त्या दिवशी घरात जे बोलणं होतं, ते चिडूनच होतं.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. हळद आणि बेदाण्याच्या छोट्या व्यापाऱ्यांची खाती लिहिते, त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरते. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचा तपशील, आणि 20 तारखेला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. थ्री-बीला उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये लेट फी, वर राहिलेल्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. पैसे व्यापाऱ्याचे जातात आणि पुढच्या वर्षी काम माझ्या हातून जातं. 2025 च्या जूनमध्ये नेमकं वीस तारखेच्या तोंडावर आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी जेसीबीनं चर मारला आणि नेटची फायबर केबल तुटली. त्यात मुलाचा अकरावीचा प्रवेश. त्याच वर्षीपासून अकरावी राज्यभर ऑनलाइन झाली, वेळापत्रक सारखं बदलत होतं, आणि पोर दर तासाला विचारत होतं, "आई, नेट आलं का?"

"मग बाहेर जाऊन काम करायचं की," असंही लोक सांगतात. सासूबाईंना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागतं, जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात. लॅपटॉप उचलून कुठंही जाऊन बसणं सगळ्यांना जमत नाही. घरून काम करणारी बाई घरून काम करते, त्याला कारण असतं. शेवटी गणपती पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं दुपारी पेढीवर बसायला जागा दिली, शेजारच्या काकू सासूबाईंजवळ थांबल्या आणि रिटर्न गेले. या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. पण दरवेळी कुणाच्या तरी उपकारावर काम व्हावं, हे मला मान्य नाही.

नेट गेल्यावर काय बघायचं, हे आमच्याकडे येणाऱ्या लाइनमनकडून शिकले ते सांगते. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकायला लागला की बाहेरून प्रकाशच येत नाही, म्हणजे बहुतेक वेळा वायर तुटली आहे किंवा दुमडली आहे. तो दिवा बंद आहे आणि तरी नेट नाही, तर दोष बहुधा दुसरीकडे, राउटरमध्ये किंवा कंपनीच्या यंत्रणेत असतो. आधी शेजारी विचारा. एका फायबरवर स्प्लिटर, म्हणजे फाटे काढणारा डबा, लावून 32 किंवा 64 घरं जोडलेली असतात, त्यामुळे सगळ्यांचं गेलं असेल तर आपल्या घरात खटपट करून उपयोग नाही. आणि डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट अजिबात करू नका. सगळी सेटिंग पुसली जाते आणि लाइन जोडली तरी नेट येत नाही.

ती जोडणी मी समोर उभी राहून बघितली. पाऊस भुरभुरत होता, एकानं छत्री धरलेली, एकानं मोबाइलची बॅटरी. लाइनमननं वायरचं काळं आवरण सोललं, आतून रंगीत धागे निघाले. एकेक धागा स्पिरिटनं पुसला, टोक कापून सरळ केलं. आतली काच 125 मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. ती दोन टोकं मशीनमध्ये ठेवली, छोट्या पडद्यावर ती समोरासमोर सरकली, एक ठिणगी पडली आणि काच काचेला जुळली. वर बारीक नळी चढवून गरम केली, मग पुढचा धागा. रात्री उशिरापर्यंत हा माणूस चिखलात बसला होता आणि येणारा-जाणारा त्यालाच बोलत होता. वायर त्यानं तोडली नव्हती. राग काढायचाच असेल तर न विचारता खोदणाऱ्यावर काढा.

कारण त्यासाठी नियम आहेत. त्यांप्रमाणे खोदण्याआधी केबलवाल्या कंपनीला कळवावं लागतं, आणि नुकसान केलं तर भरपाई द्यावी लागते. मार्च 2023 मध्ये त्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲपही केंद्र सरकारनं सुरू केलं. आमच्या गल्लीत मशीन घेऊन आलेल्या मुकादमाला ते माहीतसुद्धा नव्हतं.

आपल्या बाजूनं तक्रार फोनवर तोंडी सोडून देऊ नका, तिचा नंबर घ्या. प्रत्येक घरानं वेगळी तक्रार करावी. तीन दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भाड्यात सूट मागता येते, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमात ती तरतूद आहे. तक्रारीवर समाधान झालं नाही तर त्याच कंपनीकडे अपील करता येतं, आणि 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे.

सांगलीत नेटची तयारी पावसाळ्याआधी करून ठेवावी लागते. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की आपल्याकडे एकच प्रश्न असतो: आयर्विन पुलाला किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका, 2019 ला 57 च्याही वर गेलं होतं. हा आकडा आता फोनवरच कळतो. म्हणून घरात दुसऱ्या कंपनीचं एक सिम चालू ठेवा. फायबर आणि मोबाइल एकाच कंपनीचे असतील तर मुख्य केबल तुटल्यावर दोन्ही एकदम जाऊ शकतात. वीज गेल्यावर फायबर चालू राहू शकते, कारण मधल्या वायरला वीज लागत नाही. कंपनीच्या बाजूला वीज असेल तर आपला डबा आणि राउटर तेवढा इन्व्हर्टरवर घ्यायचा. बॅटरीवरचा रेडिओही असू द्या.

आमच्या गल्लीनं एक गोष्ट केली. लाइनमनला बोलावून फायबर कुठून जाते ते विचारलं आणि रस्त्यावर फक्कीनं रेघ मारली. पावसानं पुसली की पुन्हा मारतो. मशीन आलं की जो घरी असेल तो चालकाला रेघ दाखवतो आणि त्या पट्ट्यात हातानं खोदायला लावतो. पाइपलाइनचं काम आता मागच्या गल्लीत जाणार आहे. तिथल्या कुणाला लाइनमनचा नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, आणि तो खोदकाम सुरू व्हायच्या आधी करा.