काचेचं घर म्हणजे भट्टी? लातूरच्या दादांना उत्तर

दादा, घराला काच लावा असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही लिहिलंत, "४४ डिग्रीत काच लावा म्हणायलेत, घर बांधायचं का भट्टी, अन् वरून काच म्हणे पर्यावरणाला चांगली!" राग नाही आला, कारण भट्टीचं बारा आणे खरंय, ती चूक मीच करून बसलोय.

परभणीच्या घराला हौसेनं पश्चिमेकडं सहा बाय पाचची साधी काच बसवली. पहिल्याच एप्रिलात दुपारी चारनंतर सोफ्याचं रेक्झिन चटका द्यायला लागलं. आतून जाड पडदा लावला, फरक शून्य, कारण ऊन एकदा काचेतून आत शिरलं की पडदाच तापतो अन् ती धग काच काही बाहेर जाऊ देत नाही. शेवटी कृषी केंद्रातून हिरवी शेडनेट आणून बाहेरून ताणली, घर रोपवाटिकेसारखं दिसायलंय पण बसता तरी येतं. दुकानदार मधी हवेची फट असलेली दुहेरी काच घ्या म्हणून मागं लागतो, तिच्यातून गरम हवेची धग साधारण निम्मीच येते हे खरं, पण थेट उन्हाला सावलीच लागते. म्हणून म्हणतो उत्तरेला काच खुशाल लावा, दक्षिणेला छज्जा काढून लावा, पश्चिमेला शक्यतो नकोच.

आता रिसायकलिंग. "काच कितीदाही वितळवता येते" असं मी लिहिलं, ते अर्धवट होतं, कबूल. नवी काच करायला १५०० डिग्रीच्या आसपास भट्टी पेटवावी लागते, त्यात १० टक्के जुनी काच घातली तर ऊर्जा अडीच-तीन टक्के वाचते. पण आपल्याकडं खिडकीची फुटलेली काच जाते कुठं? राडारोड्यात, विटांच्या तुकड्यांसोबत. ती परत भट्टीत कोण नेणार!

माझा जीव आहे बाटल्यांवर. शेतातल्या आखाड्यावरच्या न्हाणीला एक भिंत बाटल्यांची केलीय. भंगारवाल्याकडून तोंडाला टवका उडालेल्या बियरच्या बाटल्या घेतल्या, कारण चांगली बाटली धुऊन परत भरली जाते अन् ते कुठल्याही भिंतीपेक्षा बरं. माना कापल्या, दोन-दोन बुडं तोंडाला तोंड लावून टेप गुंडाळली, नऊ इंची भिंतीत बरोबर बसली. काच गुळगुळीत, सिमेंट धरत नाही, म्हणून मिस्त्रीनं मधी दोन बोटं माल भरला अन् वजन सगळं कोपऱ्याच्या खांबांवर घेतलं. दिवसा लाईट लावावी लागत नाही. गावातले मात्र अजून विचारतात, एवढ्या पिलास कधी बाबा?

किल्लारीच्या भूकंपाचं तुम्ही काढलंत, तसा हादरा बसला तर काचेचं काय म्हणून. १९९३ ला माणसं दबली ती दगडमातीच्या जाड भिंती अन् माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, वजनाखाली. काचेची भीती तिच्या सुऱ्यांची, त्याला टफन किंवा लॅमिनेटेड काच आहे, पहिलीचा फुटून बारीक चुरा होतो, दुसरीचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. टफन घेणार असाल तर माप आधी पक्कं करा, नंतर ती कापता येत नाही.

अन् तुम्ही जे नवं दुकान बांधायलात त्याचं तोंड कुणीकडं आहे तेवढं कळवा.