सहा महिन्यांत औषधाची चिठ्ठी लिहिता येते काय?

"सहा महिन्यांचा कोर्स, आणि माणसाच्या हातात गोळ्या द्यायला मोकळे!" सुहास एवढंच बोलला आणि आमची रविवारची संध्याकाळ त्यातच गेली.

आमचा कट्टा म्हणजे बेळगावच्या शहापुरात सुहासच्या मेडिकलसमोरची, कायम बंद असलेल्या एका दुकानाची पायरी. टोमणा होता प्रकाशला. तो बीएस्सी नर्सिंग आणि हा सहा महिन्यांचा कोर्स करून खानापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. 2018 मध्ये आयुष्मान भारत आलं, उपकेंद्रांची आरोग्य केंद्रं झाली आणि तिथं ही माणसं बसली.

"पहिलं समजून घे की," प्रकाश म्हणाला. "बीपी-शुगरची गोळी मी चालू करत नाही. ती पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर करतात. मी दर महिन्याला मोजायचं, पुढची गोळी द्यायची, बिघडलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ल्यावर, डॉक्टर गाठायचा. पावसाळ्यात भीमगडच्या जंगलातल्या गावांतनं पेशंटला डोलीत घालून आणतात लोकं. तिथं एमबीबीएस कोण येऊन बसणार? तू?"

"उपकेंद्राच्या यादीत 105 औषधं हायत म्हणे. तुझ्या कपाटात किती?"

"तो विषय वेगळा."

सगळे हसले, प्रकाश सोडून.

मास्तर रिटायर झाल्यापासून कट्ट्यावर सर्वांत वेळेवर येतात. ते म्हणाले, "अरे, हे नवीन कुठं आहे? बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा एलसीपीएस डॉक्टर असायचे. एमबीबीएसपेक्षा कमी शिकलेले, पण गावोगाव तेच. 1946 साली सरकारनं आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीनं सांगितलं, डॉक्टर एकाच प्रकारचा हवा. मग ते शिक्षण बंद पडलं. समितीतल्या काहींना तेव्हाही ते पटलं नव्हतं."

मास्तरांचं पुढचं भाषण लांबलं, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. छत्तीसगडनं 2001 मध्ये तीन वर्षांचा कोर्स काढून खेड्यांसाठी माणसं तयार केली. आसामनं 2004 मध्ये कायदाच केला, पण तो 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात टिकला नाही. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्राचं काम, असं कोर्टानं म्हटलं. आणि केंद्रानं 2019 च्या मेडिकल कमिशन कायद्याच्या कलम 32 मध्ये 'समुदाय आरोग्य प्रदाता' आणून ठेवलाय. प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांपुरतं त्यानं स्वतः औषध लिहावं, बाकी सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि अशांची संख्या डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. त्यावरून त्या वर्षी जुलैअखेर देशभर डॉक्टरांचा संप झाला होता.

"आमच्या मावसबहिणीला विचारा," सुहास म्हणाला. ती ब्रिटनमध्ये फार्मसिस्ट आहे आणि स्वतः औषधं लिहिते, त्यामुळं दर वादात एकदा तरी तिची साक्ष होते. "तिथं नर्सना चिठ्ठी लिहायचा कायदा 1992 चा. 2006 पासून नर्स आणि फार्मसिस्ट जवळजवळ सगळी औषधं लिहितात. 2013 ला फिजिओथेरपिस्ट आले, 2018 ला अँब्युलन्सवाले पॅरामेडिक. पण अभ्यास करून. सव्वीसेक दिवस वर्गात, आणि 90 तास एका अनुभवी माणसाच्या हाताखाली पेशंट बघायचे. त्यानं सही केली तरच पास."

संजीव इतका वेळ गप्प होता. तो एकदम उठला. "थांब, थांब! सव्वीस दिवस? आणि तू प्रकाशच्या सहा महिन्यांना नावं ठेवायलास?"

सुहासला क्षणभर उत्तर सुचलं नाही. असं वर्षातनं एकदाच होतं, म्हणून नोंदवून ठेवतोय.

पण त्याचं उत्तर आलं ते मला पटलं. ते सव्वीस दिवस डिग्री आणि नोकरीचा अनुभव यांच्या वर असतात, आणि त्या दिवसांत विषय एकच: औषध लिहिणं. काय विचारायचं, काय लिहायचं, काय लिहायचं नाही, आणि लिहिलेलं बंद कधी करायचं. प्रकाशच्या सहा महिन्यांत टीबी, बाळंतपण, लसीकरण, मलेरिया, साप चावणं, रजिस्टर, पोर्टल असं सगळं कोंबलेलं. औषधांच्या वाट्याला किती आलं? प्रकाशनंच मान्य केलं की फार नाही.

"आणि पास झाल्यावरबी सुटका नाही," सुहास पुढं म्हणाला. "तिकडं नर्सला दर तीन वर्षांनी 35 तासांचं शिक्षण दाखवावं लागतंय, नाहीतर नोंदणी जाते. आपल्या डॉक्टरांना किती? पाच वर्षांत 30 तास."

"त्यातले निम्मे हॉटेलातल्या जेवणाचे," संजीव म्हणाला.

मग सुहासनं खरी गोष्ट काढली, आणि ती डॉक्टर नसलेल्यांची नव्हतीच. त्याच्या काउंटरवर एक आजी येतात. बीपीला टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवी जास्त होण्याचं औषध, एकाच गोळीत. गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या दवाखान्यातनं डायक्लोफिनॅक, तेही रोज. ही तिन्ही एकत्र आली की किडनीवर ताण येतो, उन्हाळ्यात किंवा जुलाब झाले असताना तर जास्तच. दोन्ही चिठ्ठ्या डिग्रीवाल्यांच्या. दोघांनी एकमेकांची चिठ्ठी बघितलेली नाही.

"हे मी धरलं असतं," प्रकाश शांतपणे म्हणाला. "कोर्समुळं नव्हं. गावातल्या म्हातारीला 'अजून काय औषध घेतीस?' विचारलं तर ती 'काय नाही' म्हणती. गुडघ्याची गोळी तिच्या लेखी औषधच नव्हे. म्हणून मी सांगतो, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आण आणि हितं उलटी कर. आमच्यातला एकजण विजापूरकडचा, पोरगा हुशार, पण त्याला मराठी येत नाही. म्हाताऱ्या त्याच्यासमोर नुसती मान हलवतात. त्याला कुठल्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवणार?"

मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यात शहाणं वाक्य हेच. सरकारी ट्रेनिंग म्हणजे प्रोजेक्टर, चहा-बिस्किट आणि हजेरीपट. पिशवी उलटी करायला लावणं त्यात बसत नाही.

संजीवची कथा निराळीच. तो होमिओपॅथ. राहतो बेळगावात, दवाखाना हद्दीपलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. महाराष्ट्रानं 2014 मध्ये कायदा बदलून होमिओपॅथना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स करून ॲलोपॅथी औषधं लिहायची वाट काढली. त्यानं तो केला. 2025 मध्ये नोंदणीवरून पुन्हा डॉक्टरांचा संप, कोर्टकचेरी. आपल्या कर्नाटकात मात्र तसा कायदाच नाही.

"म्हणजे शिनोळीची हद्द ओलांडून अलीकडं आलं की तुझं शिक्षण उतरलं," मास्तर म्हणाले.

"टोलनाक्यावर ठेवून येतो."

विनोद सोडा, पण मला संजीवपेक्षा नर्सताईंचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जंतुसंसर्ग झाला आणि दवाखान्यात नेणं जमत नसेल, तर उपकेंद्रातल्या एएनएमनं, म्हणजे नर्सताईनं, जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यावं, अशी केंद्राची सूचना 2014 पासून आहे. एक इंजेक्शन, एक वय, एक प्रसंग, वजनावर ठरलेला डोस. एवढं आखून दिलं तर शिकवता येतं आणि तपासताही येतं. 'एक वर्ष केलं, आता सगळं लिहा' हे मला झेपत नाही. संजीव मित्र असला तरी. हे मी तेव्हा बोललो नाही, तो समोर बसला होता.

"तुमच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये काय विचारतात?" मी प्रकाशला विचारलं.

"किती तपासले, किती पोर्टलला चढवले. कुठली गोळी का दिली, का थांबवली, हे अजून कुणी विचारलेलं नाही."

"मग दहा केसपेपर काढ, नावं झाकून, आणि डॉक्टरांना घेऊन बस."

"त्यांना ओपीडी, पोस्टमॉर्टेम, वर जिल्ह्याची मीटिंग. कधी बसणार?"

"मग मी बघतो," सुहास म्हणाला.

"तू मेडिकलवाला. तुला अधिकार काय?"

"तिकडं हाय की. मावसबहिणीला."

"माझ्याबी बघ मग," संजीव म्हणाला.

"तुझ्या नकोत. कुठल्या राज्याच्या कायद्यानं चुका काढायच्या, ते आधी ठरू दे."